रीमॅन (कारखान्यात पुन्हा बांधलेला) टर्बो घेतला, जुना बांधून द्यायला गॅरेजवाले तयारच नव्हते

गाडी डिझेल स्विफ्ट, तेच फियाटचं 1.3 इंजिन. पिकअप गेलेला, मागून निळसर धूर आणि इंटरकूलरचा पाइप काढला तर आतून ऑइल ओघळलं, म्हणजे टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) गेला हे उघडच होतं. मी गॅरेजवाल्या काकांना म्हटलं, पुण्यातल्या नाना पेठेतून दुरुस्तीचं किट आणू आणि जुनाच बांधून टाकू, तर ते सरळ नाही म्हणाले.

म्हणे बुश, रिंगा, सील कोणीही बदलेल, पण हा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो, तो तेवढ्या स्पीडला बॅलन्स करायची मशीन आमच्यासारख्या गॅरेजात कुठून असणार? जरा जरी फरक राहिला की टर्बो शिट्टी मारायला लागतो, मग परत ऑइल टाकतो, गाडी परत लिफ्टवर, काढघालीची मजुरी मागायची कोणाकडे आणि मागची सगळी कामं तुंबतात ती वेगळीच. रीमॅनवाले कारखान्यात पूर्ण सुटा करून, झिजलेलं बदलून, बॅलन्स करून पाठवतात आणि वॉरंटीही त्यांचीच. क्वालिटी वगैरे ठीकच, पण मला विचाराल तर गॅरेजवाल्याच्या डोक्याचा ताप वाचतो हेच खरं कारण, आणि त्यात चूक काहीच नाही.

पैसे किटपेक्षा जास्त, नव्यापेक्षा बरेच कमी. जुना टर्बो जमा करेपर्यंत डिपॉझिट अडकतं, आणि त्याच्या हाउसिंगला (बाहेरच्या कवचाला) तडा निघाला तर ते विसराच. हे आपणहून कोणी सांगत नाही, आधीच विचारून घ्या!!

फिटिंग मात्र मस्त केलं. ऑइल फीडचा पाइप नवीन, इंटरकूलर धुतला, ऑइल-फिल्टर बदललं आणि स्टार्ट मारायच्या आधी काकांनी कुपीने टर्बोच्या तोंडात ऑइल सोडून बोटाने चाक फिरवलं, कारण पहिले काही सेकंद कोरडा फिरला तर नवा-जुना कुठलाही टर्बो खलास. या सगळ्याची बिलं जपून ठेवा, क्लेमला तीच मागतात.

बाकी सरसकट रीमॅनच घ्या असं नाही, स्टार्टरचे कार्बन ब्रश नाहीतर अल्टरनेटरचं बेअरिंग काका अजून स्वतःच टाकतात. आणि नुसता रंग मारून रीमॅन म्हणून खपवलेला माल पण मिळतो, तेव्हा वॉरंटी कार्डावरचा नंबर पार्टवरच्या नंबराशी जुळवूनच पैसे द्या.

पिकअप परत आलाय, धूर बंद. पाचपैकी चार स्टार, एक त्या डिपॉझिटच्या भानगडीसाठी कापला.