आठ घड्यांची लाल वही: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

व्यापारी लोक दिवाळीत वहीपूजनासाठी घेतात तशी लाल कापडी बांधणीची हिशेबाची वही मी गेल्या पाडव्याला कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका जुन्या कागदाच्या दुकानातून 140 रुपयांना घेतली. माझा कोणताही व्यापार नाही. मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरी करते. वही घेतली त्या दिवशी माझ्या क्रेडिट कार्डावर 1,86,000 रुपयांची थकबाकी होती, कपाटात घडीही न मोडलेल्या 41 साड्या होत्या आणि पलंगाखाली न उघडलेली खोकी होती. दरमहा साडेतीन टक्के दराने या थकबाकीवर साडेसहा हजारांच्या आसपास व्याज लागत असे, शिवाय त्यावर वस्तू व सेवा कर वेगळा. ‘किमान देय रक्कम’ नियमाने भरत असल्यामुळे मी स्वतःला चोख समजत होते, हे आज लिहितानाही अवघड वाटते.

खरेदीचा हा नाद सोडवण्यासाठी मी आधीही वस्तू घेतल्या होत्या, आणि त्यातला विनोद मला फार उशिरा कळला. खर्चावर ताबा मिळवून देणाऱ्या छापील नियोजन-वह्या मी दोन वर्षांत सात घेतल्या, आणि त्यांतल्या तिघींबरोबर रंगीत चिकटपट्ट्यांचे संचही मागवले. एकीचीही पाच पानांपलीकडे प्रगती झाली नाही. नंतर खर्च नोंदवणारे एक ॲप वापरले. बँकेचे संदेश वाचून ते आपोआप हिशेब मांडायचे, महिन्याअखेर गोल आकृतीत ‘शॉपिंग’ची फोड मोठी करून दाखवायचे आणि त्याच पडद्याच्या तळाशी वैयक्तिक कर्जाची जाहिरात करायचे. त्यात नोंद आपोआप होत असल्यामुळे माझ्या हाताला काहीच काम नव्हते आणि जे कळायचे ते पैसे गेल्यानंतर. म्हणून एका समुपदेशक बाईंनी ‘खरेदी करण्यापूर्वी, स्वतःच्या हाताने लिहा’ असे सांगितले तेव्हा मी मुद्दाम नियोजनाची नवी वही न घेता ही जुन्या पद्धतीची घेतली.

वहीचे वर्णन करायचे तर तिची पाने लांबट आणि कोरी आहेत, त्यांवर एकही छापील रेघ नाही. रेघांऐवजी प्रत्येक पान उभ्या घड्या घालून आठ पट्ट्यांत विभागलेले असते. परंपरेने डावीकडच्या चार पट्ट्यांत जमा आणि उजवीकडच्या चारांत नावे, म्हणजे गेलेले पैसे, लिहितात. मी ही व्यवस्था ठेवली, मात्र तिचा अर्थ बदलला. एखाद्या जुन्या मुनीमजींनी माझी वही पाहिली असती तर कपाळाला हात लावला असता. डाव्या चार पट्ट्यांत मी पैशाऐवजी इच्छा जमा करते: पहिलीत तारीख व वेळ, दुसरीत वस्तू व किंमत, तिसरीत त्या क्षणी मनात किंवा घरात काय चालले होते ते, आणि चौथीत त्या दिवसापासून पंधरा दिवसांनंतरची तारीख. त्या तारखेपर्यंत वस्तू घ्यायची नाही, हा एकच नियम. उजवीकडे, वस्तू घेतलीच तर, प्रत्यक्ष दिलेली रक्कम, कशातून दिली, किती वेळा वापरली आणि कार्डावर किती बाकी उरली हे लिहिते. नाही घेतली तर उजवी बाजू कोरी राहते.

दहा महिन्यांत डावीकडे 214 नोंदी झाल्या आणि त्यांपैकी 37 वस्तू घेतल्या गेल्या. पंधरा दिवसांनी पान उलटून पाहताना बहुतेक वस्तू मला आठवतही नव्हत्या. ‘स्टीलचा मोदकपात्राचा संच’ अशी नोंद माझ्याच अक्षरात आहे आणि आमच्या घरी आजींच्या वेळचे मोदकपात्र व्यवस्थित आहे. वेळेच्या पट्टीने तर लाजवले, कारण निम्म्याहून अधिक नोंदी रात्री साडेदहा ते बारा या वेळेतल्या निघाल्या. किमतीच्या पट्टीतून दिसले की घरपोच पाठवण्याचा खर्च वाचावा म्हणून ठरावीक रक्कम गाठण्यासाठी मी सतत दुसरी वस्तू जोडत होते, म्हणजे चाळीस रुपये वाचवण्यासाठी दोनशे घालवत होते. ‘शेवटचे 2 नग शिल्लक’ असे लाल अक्षरांत लिहिलेल्या साड्या पंधरा दिवसांनंतर पाहिल्या तेव्हा बहुतेक त्याच किमतीला किंवा त्याहून स्वस्त मिळत होत्या. ग्राहकांना अशा खोट्या घाईत लोटणे हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई केलेल्या 13 फसव्या रचनांपैकी एक प्रकार आहे. हे मी वर्तमानपत्रात वाचले होते, पण खरे पटले ते स्वतःच्या नोंदी पाहून.

एका प्रकारच्या खरेदीपुढे मात्र वहीला काही करावेच लागले नाही. फोनवर थेट प्रक्षेपणात एक ताई साडी उलगडून दाखवतात, ‘कोण घेतंय?’ विचारतात, आणि जी आधी ‘बुक’ असे लिहील तिला ती साडी मिळते. तिथे दोन मिनिटांत निकाल लागतो, त्यामुळे पंधरा दिवसांचा नियम लावला की तो बाजार आपल्यापुरता बंदच होतो. पहिले तीन आठवडे फार जड गेले. प्रक्षेपणाची वेळ झाली की, नऊ वाजता, हात फोनकडे जात असे.

वहीतली सर्वांत उपयोगी जागा तिसरी पट्टी आहे आणि तीच लिहायला सर्वांत कठीण आहे. सुरुवातीला मी तिथे ‘काही नाही’, ‘सहज’, ‘सेल होता’ असे लिहून मोकळी होत असे. समुपदेशक बाईंनी ‘सहज’ हा शब्द वर्ज्य केला. मग ‘साहेब बोलले’, ‘घरी कोणी नाही’, ‘रिकामे वाटले’ असे शब्द यायला लागले, आणि मार्चमध्ये लागोपाठ चार नोंदींत ‘बाबांचे वर्षश्राद्ध जवळ आले’ असे आले. ते मी लिहिले होते, पण वाचले नव्हते. माझ्या यजमानांनी वाचले. त्या रात्री आम्ही कर्जाविषयी पहिल्यांदा सगळे बोललो, पतसंस्थेतली एक मुदतठेव मोडून कार्डाची बरीचशी बाकी फेडली आणि उरलेली जूनपर्यंत संपवली.

दोष सांगणे आवश्यक आहे. कागद पातळ असल्यामुळे जेल पेनची शाई पाठीमागे उमटते, तेव्हा साधे बॉलपेनच वापरावे लागते. बांधणीचा दोरा चौथ्या महिन्यात सैल झाला आणि मला दाभणाने पुन्हा टाके घालावे लागले. 140 रुपयांच्या वस्तूकडून मी यापेक्षा अधिक टिकाऊपणाची अपेक्षा ठेवली होती. बेरीज हाताने करावी लागते आणि जुनी नोंद शोधायला पाने चाळावी लागतात. वही पर्समध्ये मावत नाही, म्हणजे बाहेर असताना काही हवेसे वाटले तर घरी येऊनच लिहावे लागते. मी ही अडचण गुणांत धरते, पण प्रत्येकीला ते सोयीचे वाटेलच असे नाही. आणि ही वही घरात सर्वांना दिसते. ज्यांच्या घरी खरेदीवरून भांडणे किंवा मारहाण होते, त्यांनी अशी उघडी वही ठेवू नये.

वहीने आजार बरा होतो असा माझा दावा नाही. अनावर खरेदीला विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी ‘ओनिओमेनिया’ असे नाव दिले होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात तिचा उल्लेख आवेगावर ताबा न राहण्याच्या इतर विकारांचे उदाहरण म्हणून आहे. विचार व वर्तन यांवर एकत्र काम करणाऱ्या उपचारपद्धतीत रुग्णाला अशा नोंदी ठेवायला सांगतात. माझी वही म्हणजे त्या उपचारातले एक साधन आहे, आणि ती वाचायला समोर जाणते माणूस नसते तर तिसरी पट्टी ‘सहज’नेच भरली असती. ज्यांना समुपदेशकाकडे जाणे परवडत नाही किंवा संकोच वाटतो, त्यांनी ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा; ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते. याखेरीज कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बंद ठेवण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे 2020 पासून कार्डधारकांना मिळालेली आहे. मी ती वापरते. व्यवहार पुन्हा सुरू करायला जी दोन-तीन मिनिटे लागतात, तेवढ्यात वही उघडून होते.

घ्यायची असल्यास पाडव्याच्या आठवडाभर आधी घ्यावी, कारण नंतर जाड वह्याच उरतात. पान उलगडून घड्या सरळ पडल्या आहेत का आणि टाके घट्ट आहेत का हे पाहून घ्यावे. दुकानदार दोन वह्या एकदम घेतल्यास दर कमी करतो. मी एकच घेतली होती. तिची आता अकरा पाने उरली आहेत आणि पाडव्याला अजून दोन महिने आहेत, म्हणून गेल्या आठवड्यापासून मी अक्षर बारीक केले आहे.