पासपोर्ट नंबर पुन्हा पाठवा म्हणाला, तीच माझी सही होती

१,२७,१०० रुपये. अमेरिकेच्या व्हिसासाठी पुण्यातल्या एका एजंटच्या हातात एवढे घातले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गेले काही महिने नातेवाइकांत मी "थोडेफार गेले" असं सांगत आलोय आणि ते खरं नाही. नोंदणीचे ५,१००. वकिलातीची फी म्हणून ३८,०००. 'अर्ली स्लॉट'चे, म्हणजे मुलाखतीची तारीख लवकर मिळवून द्यायचे, माणशी २४,०००, म्हणजे ४८,०००. 'फाइल' बनवायचे माणशी १५,०००, म्हणजे ३०,०००. मुलाखतीच्या तयारीचे ६,०००. यातले ८६,००० यूपीआयने गेले आणि ४१,१०० रोख. वकिलातीची खरी फी तेव्हा माणशी १८५ डॉलर होती, दोघांची मिळून बत्तीस हजारांच्या आसपास. म्हणजे तिथेसुद्धा त्याने हात मारला. एवढं करून हातात पडले ते नकाराचे दोन कागद.

मी एका सहकारी बँकेत ३४ वर्षं नोकरी केली, शेवटची अकरा कर्ज विभागात. "वाचल्याशिवाय सही करू नका" हे मी काउंटरवरून किती जणांना सांगितलं असेल याची गणती नाही. म्हणून हे लिहायला हात उचलत नव्हता. पण परवा आमच्याच ओळखीतले एक जण त्याच प्रकारच्या माणसाकडे पैसे भरायला निघाल्याचं कळलं, आणि गप्प बसणं जमेना.

मुलगी न्यू जर्सीत असते, जावई एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. जानेवारीत तिचं बाळंतपण होतं, पहिलंच. हिने जुलैपासूनच जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवायला घेतली होती. आम्ही साताऱ्याचे, अमेरिकेच्या व्हिसाचं आम्हाला काही माहीत नाही. मुलगी म्हणत होती, "बाबा, फॉर्म मी इथून भरते, सोपा आहे." मीच म्हटलं, तुला आधीच दगदग, आणि मुलाखतीची तारीख लवकर मिळत नाही म्हणतात, माहितगार माणूस बघू. सकाळी फिरायला येणाऱ्या एकांच्या मेहुण्याचं काम याच माणसाने केलं होतं. पुण्यात ऑफिस, काचेचं दार, भिंतीवर अमेरिकेचा झेंडा, बाहेर सोफ्यावर आठ-दहा माणसं बसलेली. आम्ही दारातून आत जायच्या आधीच निम्मे फसलेलो होतो.

त्याने सांगितलेल्या दोन गोष्टी तेव्हाच खटकायला हव्या होत्या. एक म्हणजे, "दहा वर्षांचा व्हिसा काढून देतो काका, दहा वर्षं चिंता नाही, राहा हवं तितकं." हे साफ खोटं आहे. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी तो फक्त अमेरिकेच्या दारापर्यंत जायची परवानगी असते. आत घ्यायचं की नाही आणि किती दिवस, हे तिथल्या विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. तो जी तारीख नोंदवतो, ज्याला आय-९४ म्हणतात, तीच खरी मुदत, आणि ती बहुतेक वेळा सहा महिन्यांची असते. त्या तारखेपुढे राहिलात तर व्हिसा गेला म्हणून समजा.

दुसरी गोष्ट माझ्याबद्दल नव्हती, म्हणून मी कानाआड केली. सोफ्यावर एक पंचविशीचा मुलगा होता, इचलकरंजीकडचा. त्याला हा माझ्यासमोर सांगत होता, "टुरिस्टवर जा, तिथे पोचल्यावर नोकरी बघून बदलून घेऊ." बी१ व्हिसा धंद्याच्या बैठकांसाठी, आणि टुरिस्ट म्हणतात तो बी२ फिरणं, नातेवाइकांना भेटणं, उपचार यांसाठी. दोन्हीवर नोकरी करता येत नाही. एच-१बी साठी तिथल्या कंपनीने अर्ज करावा लागतो, वर्षाला ६५,००० आणि तिथल्या उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० एवढीच संख्या ठरलेली, त्यावर सोडत. शिकायला जायचं तर एफ-१, त्याला कॉलेजने दिलेला आय-२० हा प्रवेशाचा कागद लागतो. मनात नोकरी आणि हातात टुरिस्ट व्हिसा घेऊन उतरलेल्याला विमानतळावरूनच परत पाठवतात, आणि तशा हकालपट्टीनंतर निदान पाच वर्षं दार बंद. त्या पोराला उठून हे सांगायला हवं होतं. पण तेव्हा मलाच कुठे ठाऊक होतं?

आता ती रात्र. १९ ऑगस्ट, नऊ वाजून चाळीस मिनिटं. मेसेज आला, "काका, पासपोर्ट नंबर परत एकदा टाईप करून पाठवा, तुमचा आणि काकूंचा." पासपोर्टच्या झेरॉक्स त्याच्याकडे महिनाभर होत्या. मी चष्मा शोधला, कपाट उघडलं, एकेक आकडा बघून टाईप केला, हिला वाचून दाखवून तपासून घेतला. आकडा चुकायला नको म्हणून केवढी काळजी! तो नंबर कशासाठी हवाय, हे मात्र विचारलं नाही.

डीएस-१६० हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म संगणकावरच भरायचा असतो, कागदावर सही नसते. शेवटच्या पानावर अर्जदाराने आपला पासपोर्ट नंबर टाकून 'साईन अँड सबमिट'चं बटण दाबायचं, ती त्याची सही. वरचं सगळं मी वाचलं आहे आणि ते खरं आहे असं तिथे लिहिलेलं असतं. ते बटण दुसऱ्या कुणी दाबायचंच नाही असा नियम आहे. त्या रात्री मी माझ्या हाताने माझी आणि बायकोची सही त्याला पाठवली, आणि वर "ओके का?" असंही विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्याने एक पानाची पीडीएफ धाडली. फोटो, नाव, बारकोड. मी फोन केला, "अहो, पूर्ण फॉर्म पाठवा ना, काय भरलंय बघू तरी." तर म्हणाला, "तो गोपनीय असतो काका, सबमिट झाल्यावर निघत नाही." मी गप्प बसलो. इथेच. इथेच मी उठायला हवं होतं. कर्जदाराने करारनामा मागितला आणि मी "गोपनीय आहे" म्हटलं असतं तर माझी चौकशी लागली असती. नंतर मुलीने दाखवलं की त्याच पानावर पूर्ण अर्ज छापून घ्यायचं बटण असतं. तुमचा एजंट पूर्ण अर्ज दाखवत नसेल तर त्यात तुमच्यापासून लपवण्यासारखं काहीतरी आहेच. त्याच्यापुढे एक मिनिट थांबू नका.

कुणी म्हणेल, एवढा शिकला-सवरलेला माणूस फसलाच कसा. मी त्याला काहीही खोटं दिलं नव्हतं. मुलीचं नाव, पत्ता, जावयाची कागदपत्रं, निमंत्रणाचं पत्र, माझं पेन्शनचं पासबुक, घराचा उतारा, सगळं व्हॉट्सॲपवर तारखेसकट आहे. माझी चूक झाली ती न वाचण्याची, खोटं बोलण्याची नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

नोव्हेंबरमध्ये मुंबईला गेलो. आदल्या दिवशी बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी बीकेसीत वकिलात. मुलाखतीच्या तयारीत त्याने एवढंच शिकवलं होतं की फिरायला चाललो म्हणा, जास्त बोलू नका. खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, अमेरिकेत कोण असतं? मी म्हटलं, मुलगी, तिच्याकडेच चाललोय, जानेवारीत बाळ होणार आहे. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तुमच्या अर्जात लिहिलंय की अमेरिकेत जवळचं कुणीच नाही. राहण्याचा पत्ता लास व्हेगासचं एक हॉटेल. आणि व्यवसाय 'ट्रेडिंग', महिन्याचं उत्पन्न १,८०,०००. माझी पेन्शन किती, हे मी इथे लिहीत नाही, पण त्या आकड्याच्या जवळपासही नाही. फॉर्म कुणी भरला? मी म्हटलं, एजंटने. त्या म्हणाल्या, इथे तर लिहिलंय की कुणाचीही मदत घेतलेली नाही.

हाही प्रश्न त्या फॉर्ममध्ये असतो. फॉर्म भरायला कुणी मदत केली का, केली असेल तर त्याचं नाव. त्याने तिथे 'नाही' लिहून स्वतःला मोकळं केलं आणि सगळं आमच्या गळ्यात टाकलं. ही शेजारी उभी राहून पदर चाचपत होती, तिला इंग्रजी तेवढं कळत नाही, पण चेहऱ्यावरून कळलं. चार मिनिटांत आम्ही बाहेर होतो.

नकाराचं कारण, कलम २१४(बी). अमेरिकेच्या कायद्यातल्या या कलमाचा अर्थ असा की तुम्ही तिथे कायमचे राहायलाच निघाला आहात असं धरून चालतात, आणि तसं नाही हे तुम्ही पटवून द्यायचं असतं. अपील नाही, पुन्हा फी भरून नवा अर्ज करता येतो. आमच्यावर दिशाभूल केल्याचं कलम लागलं नाही, ते लागलं असतं तर जन्मभराची बंदी आणि दर वेळी विशेष माफी मागत बसायचं. पहिल्याच प्रश्नाला खरं सांगितलं म्हणून वाचलो असं मला वाटतं. त्या माणसाच्या शिकवणीप्रमाणे "फिरायला" म्हटलं असतं तर पोरीच्या घराचा उंबरा हिला कधीच दिसला नसता. आणि हे खोटं लिहायची काही गरजही नव्हती! मुलीला भेटायला जाणं हेच बी२ व्हिसाचं कारण आहे. फोनवर विचारलं तर म्हणतो, "मुलगी दाखवली असती तर नक्कीच नाकारला असता, तुमच्या भल्यासाठीच केलं." त्यानंतर फोन बंद. 'नाही झाला तर निम्मे परत' हे फक्त तोंडी होतं. लेखी नसेल ते नाहीच, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

'अर्ली स्लॉट'चे ४८,००० तर हवेतच गेले. वकिलात तारखा विकत नाही. हे लोक संगणकाचा प्रोग्राम लावून तारखा अडवतात. मार्च २०२५ मध्ये भारतातल्या अमेरिकन दूतावासाने अशा सुमारे २,००० मुलाखतीच्या तारखा रद्द केल्या होत्या आणि ज्या ऑनलाइन खात्यांतून त्या घेतल्या होत्या ती खाती रोखली होती. म्हणजे आमचं खातंही त्यात अडकलं असतं. त्या खात्याला त्याने स्वतःचा ईमेल लावला होता, पासवर्ड त्याचा. खातं स्वतःच्या ईमेलवर काढा, दुसऱ्याच्या नाही.

आता तक्रारीचं ऐका. आमच्या इथल्या ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले, ऑफिस पुण्यात आहे, तिथे जा. पुण्यात गेलो, तर पैसे तुम्ही साताऱ्यातून पाठवले, तिथे द्या. परत साताऱ्यात. "काका, अमेरिकेने व्हिसा नाकारला, त्यात आम्ही काय करणार? पैसे स्वतःहून दिले ना? ही दिवाणी बाब आहे." मी म्हटलं, माझ्या नावाने खोटी माहिती भरली, त्याचं काय? तर म्हणे ती अमेरिकेच्या फॉर्मवर भरली, भारतात नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तिथे विचारलं लिंक आली होती का, ओटीपी दिला का. दिला नाही म्हटल्यावर त्यांनी ठाण्यात जायला सांगितलं. त्याच ठाण्यात! सात फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला दोन तास बाकावर बसवून "साहेब बंदोबस्ताला गेलेत" म्हणून परत पाठवलं. माझ्या वयाच्या माणसाला तिथे ज्या नजरेने बघतात ती मी विसरणार नाही, जणू मी पळवाटेने अमेरिकेला निघालो होतो आणि पकडला गेलो.

हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, हे मला एका वकिलांनी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर नोंदवून घ्यावीच लागते. नाही घेतली तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी पाठवा, तिथेही नाही झालं तर न्यायदंडाधिकारी. मी रजिस्टर पोस्टाने पाठवलं, पोचपावती जपून ठेवली आहे. पोचपावती आली, उत्तर अजून आलेलं नाही. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) आहे, जुन्या ४२० च्या जागी. तक्रारीत तेच लिहा. ठाण्यात माझ्या अर्जावर ४२० बघून "हे कलम आता नाही" म्हणून अर्ज परत केला होता, तेवढं मात्र त्यांना बरोबर माहीत होतं.

जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. तिथे विचारलं पावती कुठे आहे. ८६,००० चा पुरावा आहे, ४१,१०० चा नाही. रोख घेताना तो म्हणाला होता, "जीएसटी वाचेल तुमचा." रोख देऊ नका. दिलेत तर तिथेच सही-शिक्क्याची पावती घ्या, लाजू नका. मी लाजलो.

जानेवारीत नात झाली. बारसं व्हिडिओ कॉलवर झालं, पाळण्याची दोरी जावयाच्या आईच्या हातात होती, त्यांचा व्हिसा दोन वर्षांपूर्वी साध्या मार्गाने झालेला. हिने स्क्रीनसमोर पाळणा म्हटला, दुसऱ्या ओळीला आवाज गेला. चार दुपटी कुरिअरने पाठवली, ३,९०० रुपये पडले.

मागच्या आठवड्यात आम्ही नवा अर्ज भरला. तिकडून मुलगी, इकडून मी, तीन रात्री, एकेक प्रश्न मराठीत समजावून हिला विचारत. पूर्वी व्हिसा नाकारला आहे का, याला 'हो'. खाली कारण लिहायला जागा होती, तिथे झालेलं सगळं लिहिलं. मदत कुणी केली, तिथे मुलीचं नाव टाकलं. शेवटच्या पानावर पासपोर्ट नंबर हिने स्वतः एका बोटाने टाईप केला, मी फक्त पासपोर्ट धरून उभा होतो. मुलाखतीची तारीख सप्टेंबरची मिळाली आहे.