नाणी साफ करायचा किट, आठ महिने वापरल्यानंतर

पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो, बरं झालं नाही लिहिलं. बॉक्समध्ये पितळी तारांचा ब्रश, पॉलिशची पेस्ट, चांदीसाठी डिप (नाणं बुडवून काळेपणा घालवायचं द्रावण), 10 पट दाखवणारं भिंग, 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि नाणी ठेवायचे मऊ प्लास्टिकचे पाऊच, एवढं सगळं आलं.

पहिल्या दिवशी एक तांब्याचं नाणं ब्रशने घासलं, एकदम चकाचक, घरभर दाखवून झालं. मग सहज भिंगाखाली धरलं तर सगळीकडे केसासारखे ओरखडे आणि अक्षरांच्या कडा झिजलेल्या. तो तपकिरी थर मळ नसतोच हो, पॅटिना असतो, वर्षानुवर्षं धरलेला, एकदा गेला की गेला. लिंबू-मिठाचं पण तेच, तांबं विचित्र गुलाबी पडतं आणि जाणकार माणूस लांबूनच ओळखतो की घासलंय, भाव तिथेच पडतो.

डिप त्यातल्या त्यात बरं, पण चांदीवरचा काळेपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, त्यातली चांदी नाण्याचीच असते, म्हणजे दर वेळी थोडं नाणंच विरघळतंय. माझं एक नाणं फोनच्या नादात बुडालेलंच राहिलं, बाहेर काढलं तर पांढरंफटक, टांकसाळीची ती फिरती चमक गायब.

खरा वैताग पाऊचचा. चारेक महिन्यांनी तीन नाण्यांवर हिरवट चिकट थर. मऊ प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, ते हळूहळू ॲसिड सोडतं (नव्या रेनकोटसारखा वास आला की समजायचं). शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवल्यावर थर निघाला, खाली जिथे धातू खाल्ला गेला होता ते डाग मात्र राहिले. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि वास घातलेला असतो. भांडं काचेचं, खिडकी उघडी आणि आसपास आग नको, भयंकर पेट घेतं ते. आता सगळी नाणी मायलरच्या (पीव्हीसी नसलेलं पॉलिएस्टर प्लास्टिक) पाऊचमध्ये आहेत, आणि धुवायचंच झालं तर डिस्टिल्ड वॉटर, मग पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. एका नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली, खरवडली तरी परत येते, तो ब्राँझ डिसीज, म्हणजे तांबं-ब्राँझला पोखरत जाणारी गंज, ते आधी बाकीच्यांपासून वेगळं काढलं.

आता काटा. पैसे वसूल झाले ते याच्यामुळेच. नाण्याचं वजन करायचं, मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करायचं आणि नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबकळत सोडायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. जो आकडा येईल त्याने पहिल्या वजनाला भागलं की घनता मिळते. शुद्ध चांदी 10.49 (ग्रॅम प्रति घनसेंमी), तांबं 8.96. मोठ्या ऐटीत चांदीचं म्हणून घेतलेलं एक नाणं 8.9 निघालं, बहुतेक तांबं-निकेल, आणि मी त्याला दोनदा डिपमध्ये बुडवलं होतं 😅 नाणं लहान असेल तर आकडा थोडा हलतो म्हणून तीन वेळा मोजून सरासरी काढतो, नाण्यावर बुडबुडा चिकटलेला नाही ना तेही बघतो.

किटला दोन स्टार, दोन्ही काटा आणि भिंगाचे. ब्रश सध्या सायकलच्या चेनवर चालतोय, तिथे मस्त काम करतो.