पंपिंग कमी, ब्लॉकेज जास्त: बायपास, स्टेंट की नुसती औषधं?

टू-डी इकोत ईएफ (दर ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा, म्हणजेच पंपिंग) २८ टक्के, अँजिओग्राफीत हृदयाच्या तिन्ही नळ्यांत ब्लॉकेज. हे दोन कागद हातात आले की घरचे-दारचे सगळे एकच सांगतात: नळ्या मोकळ्या करा, पंपिंग आपोआप वाढेल. पटण्यासारखं आहे, पण ते तपासून पाहिलं गेलंय आणि उत्तर इतकं सरळ आलं नाही.

हार्ट अटॅक सुरू असतानाची अँजिओप्लास्टी वेगळी, तिच्याबद्दल वाद नाही. छातीतलं दुखणं औषधांनी थांबत नसेल तर तोही वेगळा विषय. इथे बोलतोय ते ईएफ ३५ किंवा त्याखाली असलेल्या, मुख्य त्रास धापेचा असलेल्या माणसाबद्दल.

बायपासची परीक्षा 'स्टिच' या चाचणीत झाली. २२ देशांतले १,२१२ रुग्ण. अर्ध्यांना औषधं आणि बायपास, अर्ध्यांना फक्त औषधं. कोण कुठे जाणार हे डॉक्टर नव्हे, चिठ्ठी ठरवणार. २०११ मध्ये, पावणेपाच वर्षांच्या आसपास, बायपास गटात ३६ टक्के आणि औषध गटात ४१ टक्के मृत्यू झाले होते. हा फरक योगायोगानेही पडू शकला असता. संशोधकांनी पाठपुरावा सोडला नाही. २०१६ मध्ये, दहा वर्षांच्या टप्प्यावर, आकडे आले ५८.९ आणि ६६.१. आता फरक पक्का होता. मध्यम आयुर्मानात, म्हणजे गटातले निम्मे रुग्ण जिवंत असेपर्यंतच्या काळात, सुमारे दीड वर्षाचा.

या चाचणीचा आलेख एकदा बघाच. पहिल्या महिन्यात बायपासची रेघ वाईट बाजूला असते, कारण अशक्त हृदयावरचं ऑपरेशन स्वतःच काही जीव घेतं. ते नुकसान भरून निघायला साधारण दोन वर्षं जातात, कमाई त्यानंतरची. म्हणून पन्नाशीतल्या माणसाला हा सौदा परवडतो. ऐंशीच्या घरातल्या, किडनी अधू असलेल्या माणसाला बहुधा नाही. तिन्ही नळ्यांत आजार, ईएफ २७ च्या खाली, डावा कप्पा फार फुगलेला, यातल्या दोन गोष्टी असतील तर फायदा जास्त दिसला.

स्टेंटची परीक्षा ब्रिटनमधल्या 'रिव्हाइव्ह्ड'ची, २०२२ ची. ७०० रुग्ण, वय सरासरी सत्तरीच्या आसपास. सुमारे साडेतीन वर्षांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती: स्टेंट गटात ३७.२ टक्के, औषध गटात ३८. म्हणजे बरोबरी. सहा महिन्यांनी आणि वर्षाने इको केला तेव्हा ईएफमध्येही दोन गटांत फरक नाही. स्टेंटवाल्यांना सुरुवातीला जरा बरं वाटलं, पण दोन वर्षांनी तो फरकही विरला.

स्टेंटची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणता येईल: 'स्टिच' साडेतीन वर्षांवर थांबली असती, तर बायपासही नापास झाली असती. शिवाय या चाचण्यांमध्ये स्टेंट आणि बायपास समोरासमोर आलेच नाहीत. तरी केवळ पंपिंग वाढावं म्हणून स्टेंट टाकायला मी हो म्हणणार नाही.

नुसती औषधं हा पर्याय लोकांना हार मानल्यासारखा वाटतो. 'स्टिच'मध्ये रुग्ण घेतले ते २००२ ते २००७ या काळात. हार्ट फेल्युअरवरच्या नव्या औषधांपैकी सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनचा मोठा निकाल २०१४ चा, डापाग्लिफ्लोझिनचा २०१९ चा. बायपासने ज्या औषधांना हरवलं, त्यांत ही दोन्ही नव्हती. आज स्पर्धा अधिक चुरशीची होईल, असं मला वाटतं. मात्र औषधं म्हणजे बीटा ब्लॉकर आणि स्पायरोनोलॅक्टोनसकट चारही, सोसेल त्या पूर्ण डोसपर्यंत. अर्ध्या डोसवर अडकलेल्या रुग्णाने औषधांचा पर्याय अजून वापरलेलाच नाही. तब्येत स्थिर असेल तर तीनेक महिने ती नीट घेऊन पुन्हा इको करा, असं डॉक्टर म्हणाले तर तो वेळकाढूपणा समजू नका.

आणि 'स्नायू जिवंत आहे का' ते दाखवणारा स्कॅन? कुणाला फायदा होईल हे त्यावरून ओळखता येईल, अशी आशा दोन्ही चाचण्यांत होती. दोन्हीकडे ती फोल ठरली. त्या एकाच रिपोर्टवर तुमचं ऑपरेशन ठरत असेल, तर दुसरं कारण काय आहे ते विचारून घ्या.