पूर्वचाचणी लेखी की तोंडी? सहावी ते आठवीत कृतिसंशोधन करणाऱ्यांसाठी

कृतिसंशोधनाचा, म्हणजे आपल्याच वर्गातली अडचण एखाद्या उपक्रमाने सोडवून पाहण्याचा, विषय ठरतो, केंद्रप्रमुखांशी बोलणं होतं, आराखड्यात ‘पूर्वचाचणी’ (उपक्रमाआधीची चाचणी) असा शब्द लिहून होतो आणि मग खरा पेच पडतो. सगळ्या वर्गाला बसवून कागद वाटायचे, की एकेकाला जवळ बोलावून विचारायचं? दोन्ही तऱ्हा मोठ्या सर्वेक्षणांत चालतात. ‘प्रथम’ संस्थेचं ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून गावात घरोघरी जाऊन एकेका मुलाकडून वाचून घेतं, गणित करून घेतं. १२ नोव्हेंबर २०२१ चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि ४ डिसेंबर २०२४ चं ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण शाळेत झालं, छापील प्रश्न आणि पर्यायांवर. म्हणूनच ‘असर’चे आणि या शाळेतल्या सर्वेक्षणांचे आकडे शेजारी मांडून वाद घालू नये. मोजलेली गोष्टच वेगळी आहे.

लेखी चाचणीच्या बाजूने बोलायचं तर मुद्दे भक्कम आहेत. सगळ्यांना एकच प्रश्न, एकच वेळ. पुरावा कागदावर राहतो, दुसऱ्याला तपासायला देता येतो. द्विशिक्षकी शाळेत तर एकेकाला बाहेर बोलवायचं म्हटलं की बाकीच्या वर्गाकडे कोण पाहणार, हा प्रश्न लगेच येतो.

वेळेचा हिशेब मात्र वाटतो तितका एकतर्फी नाही. २८ मुलांचा वर्ग धरा. लेखीला ४५ मिनिटं, शिवाय प्रत्येक पेपर नीट तपासायला ४ मिनिटं, म्हणजे ११२. एकूण १५७ मिनिटं. तोंडीला एका मुलामागे ८ मिनिटं धरली तर २२४. फरक तासाभराचा. रोज परिपाठानंतर ७ मुलं घेतली तर चार दिवसांत वर्ग संपतो, आणि शेवटचं मूल उठतं तेव्हा तपासायचं काही उरलेलं नसतं.

मी तोंडीकडे झुकलो ते वेळेमुळे नाही, कोऱ्या जागेमुळे. लेखी पेपरात शाब्दिक उदाहरणाखाली कोरी जागा सोडलेली असते आणि आपण तिथे शून्य मांडतो. ते शून्य कशाचं? समजा उदाहरण असं आहे: ‘७ मजूर स्त्रियांनी एकूण २५२ किलो कापूस वेचला. प्रत्येकीने सारखाच वेचला असल्यास प्रत्येकीचा कापूस किती?’ ज्या मुलाची आई रोज वेचणीला जाते, त्याच्याही पेपरात इथे कोरी जागा दिसते. त्याला वाक्य वाचता आलं नाही, ‘प्रत्येकी’ शब्दावर अडलं, भागायचं की गुणायचं हे ठरेना, की भागाकारच येत नाही? चारही मुलांना तेच शून्य मिळतं. त्यावर उपचार म्हणून सगळ्यांना भागाकाराची शिदोरी बांधून दिली, तर ज्याचं दुखणं वाचनाचं आहे त्याचा महिना वाया जातो. उपक्रमानंतरच्या उत्तरचाचणीत तो पुन्हा कोरा, आणि अहवालात ‘उपक्रमाचा परिणाम मर्यादित’.

तोंडीत हेच उदाहरण तीन पायऱ्यांनी उतरवता येतं. आधी मुलाने स्वतः वाचायचं आणि सोडवायचं. अडलं तर आपण एकदा वाचून दाखवायचं. इथे सुटलं तर अडचण वाचनाची. तरीही अडलं तर फक्त २५२ ÷ ७ लिहून द्यायचं. ३६ आलं तर भागाकार येतो, क्रिया निवडता येत नाही. हेही नाही जमलं तरच भागाकार शिकवायचा. नोंदपत्रकात पायरीचा आकडा आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. ‘मले हे वाचता नाई येत’ आणि ‘कायले भागाचं?’ ही दोन वेगळी निदानं आहेत. घरी वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, कोलामी किंवा कोरकू बोलणारं मूल लेखी पेपरासमोर गप्प बसतं. तोंडीत ‘शेत’ऐवजी ‘वावर’ म्हणून का होईना, पण बोलतं.

लेखीवर अन्याय नको. चुकीच्या उत्तरांच्या बाबतीत चांगला पेपर बरंच सांगतो, फक्त आकडे विचार करून निवडावे लागतात. ५२ − ३७ हे हातच्याच्या वजाबाकीचं नेहमीचं उदाहरण निदानासाठी कुचकामी आहे. लहान अंक मोठ्यातून वजा करणाऱ्याचं उत्तर २५ येतं, आणि हातचा घेऊन दशक कमी करायला विसरणाऱ्याचंही २५. त्याऐवजी ५२ − ३८ द्या. पहिल्याचं २६ येईल, दुसऱ्याचं २४, बरोबर उत्तर १४. एककांच्या अंकांतला फरक ५ नसला की दोन चुका आपोआप वेगळ्या पडतात. दशांशांचंही तसंच. ०.३५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती, एवढंच विचारलं तर ‘जितके अंक कमी तितकी संख्या मोठी’ असं समजणारं मूल चुकीच्या कारणाने बरोबर ठरतं. जोडीला ०.६२ आणि ०.४ द्या, ते तिथे सापडेल. ८ + ४ = □ + ५ मध्ये १२ लिहिणाऱ्याला बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘उत्तर लिहा’ असं वाटतं; सातवीत समीकरणं घेण्याआधी हे कळलेलं बरं. असे प्रश्न कागदावरही छान चालतात. कोऱ्या जागेला मात्र कागदाकडे उत्तर नाही.

तोंडीतही बिघडण्याजोगं पुष्कळ आहे. सगळ्यात मोठी गडबड आपणच करतो: मूल चुकायला लागलं की भुवई वर जाते, ‘नीट पाहा बरं’ निघून जातं. वर्गशिक्षकाने आपलाच वर्ग तपासू नये. सहावीच्या शिक्षकाने आठवी घ्यावी, आठवीच्याने सहावी. मुलाच्या समोर न बसता शेजारी बसावं. आधी गेलेलं मूल बाहेर येऊन उत्तरं सांगतं, म्हणून त्याच धर्तीचे तीन संच करून आलटून पालटून वापरावेत. वाचनाच्या उताऱ्यात मूल एका शब्दावर पाच सेकंद थांबलं की ‘पुढचा वाच’ म्हणायचं, आणि अडलेला शब्द नोंदवायचा. ‘क्रम’ आणि ‘कर्म’ यांची अदलाबदल दिसली तर रकार आणि रफार घ्यायचे आहेत हे तिथेच कळतं. ‘असर’चं तयार साधन उचलून वापरलं तर एक अडचण येते. त्यातली वाचनाची सगळ्यात वरची पायरी दुसरीच्या पातळीची गोष्ट आहे. ती गोष्ट वाचणाऱ्या सातवीच्या मुलाला विज्ञानाचं पान कळतं की नाही, हे त्यातून कळत नाही. विज्ञानाच्या पुस्तकातला शंभरेक शब्दांचा उतारा आणि त्यावर दोन ‘का’चे प्रश्न, एवढी भर स्वतः घालावी.

चाळीसच्या वर पट असेल, अनेक शाळांची तुलना करायची असेल, किंवा संशोधनाचा विषयच लेखन असेल, तर लेखी घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही. मधला मार्गही आहे: लेखी सगळ्यांची, आणि ज्या प्रश्नांची जागा कोरी आहे तेवढेच तोंडी. पण कोरे पेपर निम्म्याहून जास्त निघाले तर एकच काम दोनदा केल्यासारखं होतं.

तारखांकडे दोन्ही पद्धतींत लक्ष हवं. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या अखेरीला उघडते, त्यामुळे जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्याआधी पट स्थिर होत नाही. उत्तरचाचणी दिवाळीनंतर ढकलली की कापसाची वेचणी सुरू होते आणि नेमकी कच्ची मुलं गैरहजर असतात. उरलेल्यांची सरासरी चढलेली दिसते ती गळतीमुळे. तोंडीत राहिलेलं मूल ज्या दिवशी येईल त्या दिवशी आठ मिनिटांत आटोपतं. लेखीत एकट्यासाठी पुन्हा पेपर लावायचा म्हणून बहुतेक वेळा राहूनच जातं. आणि फक्त तळाची दहा मुलं निवडून दोनदा मोजू नका. पहिल्या दिवशी ज्याचा दिवस वाईट होता तो उपक्रमाशिवायही वर येतो. सगळा वर्ग मोजा.

निकाल टक्क्यांत लिहायचा मोह आवरा. १४ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ७ टक्के. त्यापेक्षा ‘१४ पैकी ९ जणांना हातच्याची वजाबाकी येते, उरलेल्या ५ पैकी ३ जण दशक कमी करायला विसरतात, २ जण लहान अंक मोठ्यातून काढतात’ असं लिहा. पुढच्या जूनमध्ये ज्यांच्या हाती तो वर्ग जाईल, त्यांना पहिल्या आठवड्यात कोणाला काय घ्यायचं ते त्या एका ओळीतून कळेल.