टल्साच्या आगीतून वाचलेलं म्हणून विकलेलं टोकन

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात जाळल्या गेलेल्या ग्रीनवुड वस्तीच्या नावाने दुकानदारांची जुनी टोकनं विकणाऱ्यांपासून सावध राहा. माझे साडेतीनशे डॉलर गेले, आणि तसाच माल अजून विकला जातोय.

मी डॅलसमध्ये राहतो. कृष्णवर्णीय अमेरिकन दुकानदारांनी काढलेली जुनी टोकनं जमवतो. त्या काळी न्हावी, बेकरीवाले, बिलियर्डवाले पितळेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची टोकनं पाडून घेत. त्यावर मालकाचं नाव आणि ‘५ सेंटांचा माल मिळेल’ अशा अर्थाचा मजकूर. पुष्कळांवर गावच नसतं. अशांना संग्राहक ‘मॅव्हरिक’ म्हणतात, आणि साधी मॅव्हरिक चार-पाच डॉलरलाही मिळतात. गाव नसलं की विकणाऱ्याला हवं ते गाव चिकटवता येतं.

माझ्या टोकनाला टल्सा चिकटवलं होतं. ३१ मे आणि १ जून १९२१ला गोऱ्या जमावाने तिथली ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती जाळली. सुमारे ३५ ब्लॉक, म्हणजे चारी बाजूंनी रस्ते असलेले घरा-दुकानांचे चौकोन, खाक झाले. त्या आगीत काळवंडलेली एक-सेंटची नाणी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. विकणाऱ्याने त्यांचाच दाखला दिला. सोबत ‘हे टोकन काढणाऱ्या ग्रीनवुडच्या न्हाव्याच्या नातीकडून मिळालं’ असं टंकलेलं पत्र, आणि टोकनावर काजळी. पैसे मात्र ‘मित्राला पाठवतोय’ या प्रकारातून मागितले. त्या प्रकारात ग्राहकाला संरक्षण नसतं.

अ‍ॅसिटोनमध्ये ठेवताच काळा थर सुटला. खाली पितळेची जुनी तपकिरी झाक जशीच्या तशी. खऱ्या आगीत ती टिकली नसती. मग एका जाणकाराने त्याच नावाचं, त्याच अक्षरांचं दुसरं टोकन दाखवलं. त्यावर कॅन्ससमधलं गाव होतं. १९२०च्या जनगणनेत त्या गावातल्या त्या दुकानदाराच्या वर्णाच्या रकान्यात ‘डब्ल्यू’, म्हणजे गोरा. टोकन खरं, माणूसही खरा. टल्सा तेवढं बनावट.

मला पैशांपेक्षा याची चीड येते की ज्यांचं सगळं जळलं, ज्यांचे विम्याचे दावेही फेटाळले गेले, त्यांच्या दुःखावर हा विकणारा किंमत वाढवतोय. शिवाय अशी खोटी नोंद एकदा कुणाच्या यादीत शिरली, की खऱ्या ग्रीनवुडच्या दुकानदाराचा शोध आणखी अवघड होतो.

विकणाऱ्याने उत्तर देणं बंद केलंय. तुम्हाला असं टोकन कुणी देऊ केलं, तर नातीचं पत्र बाजूला ठेवा आणि टल्साच्या त्या काळच्या शहर डिरेक्टरीतलं (शहरातल्या रहिवाशांच्या आणि धंद्यांच्या छापील यादीतलं), मालकाचं नाव, धंदा आणि पत्ता असलेलं पान मागा. ते हाती येईपर्यंत एक डॉलरही पाठवू नका.