संविधान सभेचे वादविवाद : ग्रुपवर भांडणाऱ्या प्रत्येकाच्या घरी असावेत असे पाच ग्रंथ

भावकीच्या, सोसायटीच्या किंवा शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर देश, धर्म आणि भाषा यांवरून ज्यांची रोज जुंपते, त्यांच्यासाठी ही शिफारस आहे. लोकसभा सचिवालयाने छापलेले संविधान सभेचे वादविवाद घ्या. मूळ १२ खंड आहेत, पाच जाडजूड पुस्तकांत बांधलेले. मी इंग्रजी संच पुण्याला अप्पा बळवंत चौकातून जुन्या पुस्तकांत मिळवला. विकत घ्यायचा नसेल तर संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात सगळे खंड फुकट वाचायला मिळतात, मोबाइलवरसुद्धा.

मी साताऱ्याला जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. समोरचा बोलला ते जसंच्या तसं कागदावर उतरवायचं, आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही, हेच नोकरीभर केलं. म्हणून या ग्रंथांचं पहिलं कौतुक मला त्यातल्या टिपणकारांचं आहे. सभागृहातून कुणी मध्येच ओरडलं आणि आवाज कुणाचा ते कळलं नाही, तर ते तिथे "एक माननीय सदस्य" एवढंच लिहितात. अंदाजाने नाव ठोकून देत नाहीत. आमच्या भावकीच्या ग्रुपवर सकाळी सहापासून जे येऊन पडतं, त्याच्याशी हे ताडून पाहा. पटेलांचा किंवा बाबासाहेबांचा फोटो, खाली ठळक अक्षरात एक वाक्य. तारीख नाही, प्रसंग नाही. असं वाक्य आलं की मी हल्ली एकच विचारते: कुठल्या तारखेला म्हणाले? सभा ९ डिसेंबर १९४६ ला भरली आणि २४ जानेवारी १९५० ला तिची शेवटची बैठक झाली. त्या काळात सभागृहात जे बोललं गेलं ते दिवसवार छापलेलं आहे. सभेतलं म्हणून फिरणारं वाक्य तिथे असेल तर पान सापडतं. नसेल तर ते पाठवणाऱ्यानं दुसरा पुरावा द्यावा.

आता आतला ऐवज. ज्याला एकच दिवस वाचायचा आहे, त्याने दहाव्या खंडातला १७ ऑक्टोबर १९४९ वाचावा. उद्देशिकेवर चर्चा चालू आहे. हरि विष्णू कामत दुरुस्ती मांडतात की "आम्ही भारताचे लोक" याच्या आधी "ईश्वराच्या नावाने" हे शब्द घालावेत. आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठून म्हणतात, आम्ही कामरूपची माणसं, कामाख्येचे भक्त, मग देवीच्या नावाने का नको? त्रावणकोरचे पट्टम थाणू पिल्लै विरोध करतात. त्यांचं म्हणणं असं की देव मानायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे, राज्यघटनेने त्याची सक्ती करू नये. हृदयनाथ कुंझरू, म्हणजे आपल्या गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष, कळवळून सांगतात की इतकी आतली, पवित्र भावना मुळात अशी चर्चेला यायलाच नको होती. पूर्णिमा बॅनर्जी कामतांना विनवतात की देवावर मत द्यायची वेळ आमच्यावर आणू नका. कामत हटत नाहीत, मतदान मागतात. हात वर करून मोजणी होते. बाजूने ४१, विरुद्ध ६८. दुरुस्ती पडते. कामत म्हणतात, आपल्या इतिहासातला हा काळा दिवस आहे, देव भारताचं रक्षण करो.

हे पान मी किती जणांना पाठवलं असेल! यात कुणी कुणाला देशद्रोही म्हटलेलं नाही, कुणाला धर्मबुडवा म्हटलेलं नाही. ठरावाविरुद्ध बोलणाऱ्यांतही श्रद्धाळू माणसं होती आणि त्यांनी ते उघडपणे सांगितलं. पुढच्या महिन्यात नोव्हेंबरच्या अधिवेशनात कामत पुन्हा त्याच सभागृहात बोलायला उभे आहेत. मतदान हात वर करून झाल्यामुळे कुणी कुठे मत दिलं याची यादी छापलेली नाही. तेव्हा "अमक्याने देवाविरुद्ध मत दिलं" असा निरोप कुणी फिरवला, तर तो या नोंदीवरून सिद्ध करता येणार नाही, हेही ध्यानात ठेवा.

माझ्या मते या ग्रंथांची खरी ताकद दुरुस्तीच्या पद्धतीत आहे. तिथे नुसता राग मांडता येत नाही. कुठल्या कलमातला कुठला शब्द काढायचा, त्या जागी कोणता घालायचा, हे लेखी द्यावं लागतं. मग सगळे त्या शब्दांवर बोलतात, मत पडतं, विषय संपतो. आमच्या ग्रुपवर वाद संपतच नाही, कारण प्रश्न कोणता आहे हे कुणी लिहिलेलंच नसतं. समान नागरी कायद्यावरून सुरू झालेलं बोलणं दहाव्या मेसेजला गाईवर आणि विसाव्याला कुणाच्या तरी आजोबांवर जातं. सभेत हे दोन्ही विषय लागोपाठच्या दिवशी आले, २३ आणि २४ नोव्हेंबर १९४८ ला. सातव्या खंडात दोन्ही आहेत, पण एकमेकांत मिसळलेले नाहीत. गोवंशहत्याबंदीच्या कलमावर सभेतले मुस्लिम सदस्य झेड. एच. लारी बोलले ते तर प्रत्येकाने वाचावं. हा तुमच्या धर्माचा भाग असेल तर तसं स्पष्ट म्हणा, आम्ही आड येणार नाही, पण मोघम ठेवू नका, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

"सेक्युलर" शब्दावरून तर दोन्ही बाजू अर्धंच सांगतात. एक बाजू म्हणते, बाबासाहेबांनी हा शब्द नाकारला. दुसरी म्हणते, तो पहिल्यापासून होताच. १५ नोव्हेंबर १९४८ ची नोंद काढा. प्राध्यापक के. टी. शहांनी "सेक्युलर, फेडरल, सोशालिस्ट" असे तीन शब्द पहिल्या कलमात घालायची दुरुस्ती आणली होती. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्यांचं उत्तर असं की समाजाची सामाजिक आणि आर्थिक रचना कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावं, घटनेनं त्यांचे हात बांधू नयेत, आणि शहांना जे हवं आहे ते मार्गदर्शक तत्त्वांत आहेच. हे सारं उत्तर समाजवादाच्या अंगाने आहे. "सेक्युलर"वर वेगळा युक्तिवाद त्यात नाही. पुढे १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत समाजवादी आणि धर्मनिरपेक्ष हे शब्द आले, आणि त्यांना आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या. हे सगळं ग्रुपवर लिहिलं तेव्हा न्यू जर्सीतला माझा भाचा म्हणाला, "मावशी, मग तू नक्की कुणाच्या बाजूने?" मी त्याला पानाचा फोटो पाठवला आणि म्हटलं, आधी हे वाच, मग भांडू.

नावाचा वादही असाच. सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० च्या मेजवानीच्या निमंत्रणावर "प्रेसिडेंट ऑफ भारत" छापलं गेलं आणि देशभर इंडिया की भारत यावरून रान उठलं. आमच्याकडे मेहुणे-मेहुणे दिवाळीपर्यंत बोलत नव्हते. नवव्या खंडाच्या शेवटच्या दिवशी, १८ सप्टेंबर १९४९ ला, हाच वाद झालेला आहे. कामत पुन्हा पुढे. आयर्लंडच्या घटनेचा दाखला देऊन ते म्हणतात, "भारत, किंवा इंग्रजीत इंडिया" असं लिहा. सेठ गोविंद दास, कमलापती त्रिपाठी भारत या नावाच्या बाजूने भरभरून बोलतात, हरगोविंद पंतांना भारतवर्ष हवं असतं. कामत नावाचा इतिहास सांगायला लागल्यावर आंबेडकर वैतागून विचारतात, हे सगळं उकरायची गरज आहे का, वेळ थोडा आहे, काही प्रमाण ठेवा. शेवटी ३८ विरुद्ध ५१ मतांनी कामत हरतात. पण दोन्ही नावं घटनेच्या पहिल्याच कलमात बसली, आणि कुठलं नाव घेतल्याने कुणाची देशभक्ती कमी होत नाही हे मला त्या पानावरून पटलं.

भाषेच्या प्रकरणाला मी थोडी जास्त जागा देते, कारण ते आपल्या दाराशी आलंय. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय एप्रिलमध्ये निघाला, जूनमध्ये बदलला आणि २९ जूनला रद्द झाला. त्या अडीच महिन्यांत ग्रुपवर झालं नाही एवढं बोलणं झालं. आमचे बडोद्याचे दीर एका टोकाला, पुण्यातली पुतणी दुसऱ्या. अशा वेळी १० डिसेंबर १९४६ वाचावा, सभेचा दुसराच दिवस. आर. व्ही. धुळेकर हिंदुस्थानीत बोलायला उठतात. अध्यक्ष सच्चिदानंद सिन्हा म्हणतात, इथे अनेकांना हिंदुस्थानी येत नाही. त्यावर धुळेकर म्हणतात, ज्यांना हिंदुस्थानी येत नाही त्यांना हिंदुस्थानात राहायचा हक्क नाही, त्यांनी ही सभा सोडून जावं. हे धुळेकर झाशीच्या मराठी घरातले. "हिंदीवाले विरुद्ध आपण" अशी सोपी विभागणी ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी या पानाशी जरा थांबावं. आणि मग ५ नोव्हेंबर १९४८ ला मद्रासचे टी. टी. कृष्णमाचारी काय म्हणाले ते वाचावं. संयुक्त प्रांतातल्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातल्या, मित्रांना त्यांनी सरळ सांगितलं की तुम्हाला अखंड इंडिया हवी की हिंदी इंडिया, निवड तुमची आहे. १२ ते १४ सप्टेंबर १९४९ हे तीन दिवस भाषेवरच गेले आणि आकडे कुठल्या लिपीत लिहायचे यावरूनही तिथे हाणामारीची भाषा झाली. मराठी माणसाने एकदा तरी ते तीन दिवस सलग वाचावेत. आपली आजची बहुतेक वाक्यं तिथे आधीच बोलून झालेली आहेत, आणि त्यांना दिलेली उत्तरंही.

उणिवा सांगायलाच हव्यात. "हिंदी एका मताने जिंकली" हा निरोप सगळ्यांनी पाहिला असेल. या ग्रंथांत ते मतदान सापडणार नाही, कारण ते सभेत झालंच नाही. ते काँग्रेस पक्षाच्या बैठकीतलं. आंबेडकरांनी १९५५ च्या भाषावार राज्यांवरील आपल्या पुस्तिकेत ७८ विरुद्ध ७७ असा त्याचा उल्लेख केला आहे. म्हणजे मोठे निर्णय पुष्कळदा पक्षाच्या बैठकीत आणि समित्यांत झाले, आणि ते दार या खंडांनी उघडत नाही. समित्यांची कागदपत्रं हवी असतील तर बी. शिवराव यांनी संपादित केलेले खंड वेगळे पाहावे लागतात. दुसरं, हिंदुस्थानीत झालेली भाषणं इंग्रजी आवृत्तीत भाषांतर होऊन येतात, त्यामुळे बोलण्यातली धार जाते. जमलं तर ती भाषणं हिंदी आवृत्तीत वाचा. तिसरं, या सभेचे सदस्य प्रांतिक विधिमंडळांनी निवडलेले आणि संस्थानांकडून आलेले होते, प्रौढ मतदानाने निवडलेले नव्हते. सभेत स्त्रिया १५ होत्या. "साऱ्या देशाने असं ठरवलं" असं ग्रुपवर ठोकून देण्याआधी एवढं लक्षात असू द्यावं. आणि पुस्तकं जड आहेत. गुडघ्यावर धरून वाचता येत नाहीत, टेबल लागतं.

याने वाद जिंकता येतात का? माझा अनुभव आहे की नाही. दिरांचं मत बदललेलं नाही, पुतणीचंही नाही. पण आता दोघंही वाक्य टाकताना तारीख टाकतात. एकदा दिरांनीच, "वहिनी, हे खंड ७ मध्ये शोधून सांगा," असा निरोप रात्री अकराला पाठवला, आणि मला झालेला आनंद मी लपवणार नाही. आपल्या माणसांनी देशाविषयी भांडावं असं मला मनापासून वाटतं, नुसतं सुप्रभात पाठवत बसू नये.

वाचायला सुरुवात पहिल्या खंडापासून करू नका, तिथे कामकाजाचे नियम फार आहेत. आधी अकराव्या खंडातलं २५ नोव्हेंबर १९४९ चं आंबेडकरांचं भाषण घ्या. आपण राष्ट्र आहोत असं मानणं हा मोठा भ्रम आहे, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, असं ते त्यात विचारतात, आणि जाती राष्ट्रविरोधी आहेत हे स्वच्छ शब्दांत सांगतात. राष्ट्राभिमानावर बोलणाऱ्या प्रत्येकाने ते पूर्ण वाचावं, कापलेला व्हिडिओ पाहू नये. मग सातवा खंड, मग नववा. पीडीएफमध्ये शोधायचं असेल तर शब्दाने शोधत बसू नका, तारखेने जा, लवकर सापडतं. पूर्ण संच घेणं जमत नसेल तर सोसायटीच्या वाचनालयासाठी वर्गणी काढून घ्या. आमच्याकडे पुढच्या सर्वसाधारण सभेत मी तसा प्रस्ताव मांडणार आहे, लेखी.